एक जूनला जन्मलेला संघ : कुमार फुटबॉलसाठी प्रशिक्षक आणि खेळाडू कसे निवडावेत

मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्हा निवड चाचणीला जा आणि अर्जांवरचा जन्मतारखेचा रकाना वरून खाली वाचा. १ जून, १ जून, ५ जून, पुन्हा १ जून. बापानं लेकरू शाळेत आणलं, गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का पाहिलं आणि तारीख लिहून टाकली. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, दाखले मिळतात. तरी तांड्यावरच्या आणि ऊसाच्या फडात जन्मलेल्या लेकरांचा १ जून अजून संपलेला नाही.

देशाच्या १७ वर्षांखालील संघाची निवड दिल्लीत किंवा गोव्यात कुठल्यातरी शिबिरात होते असं आपल्याला वाटतं. तिथं शेवटची चाळणी होते, पहिली चाळणी आपल्या हातात असते. तेराव्या वर्षी आपण जे पोरगं घरी पाठवलं, ते राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या नजरेला पडतच नाही. म्हणून हे क्रीडाशिक्षकांसाठी आणि तालुका-जिल्हा पातळीवर निवडीच्या टेबलावर बसणाऱ्यांसाठी लिहितोय. यातलं निम्मं मी चुका करून शिकलो आहे.

आधी प्रशिक्षक

आपल्याकडे गाडी उलटी जुंपलेली असते. आधी संघ निवडतात, मग ज्या सरांची रजा मंजूर होईल ते संघाबरोबर जातात. चाचणीच्या किमान दोन महिने आधी प्रशिक्षक ठरलेला असावा. खेळ कसा खेळायचा हे ज्यानं ठरवायचं, त्याला कुठली पोरं लागतात हे त्यालाच विचारायला नको का?

परवाना आधी पाहा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या परवान्यांची उतरंड ई, डी, सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो अशी आहे. जिल्हा संघाला किमान डी, जमल्यास सी असलेला माणूस शोधा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) डिप्लोमा असेल तर चांगलंच. पण कागद पाहून झाला की बाजूला ठेवा. माणूस शिकून आलाय एवढंच तो सांगतो. त्याला शिकवता येतं का, हे मैदानावरच कळतं.

त्यासाठी मी प्रत्येक उमेदवाराला सोळा अनोळखी पोरं, आठ चेंडू आणि चाळीस मिनिटं देतो. कडेला बसून सोळातलं एक मधलंच पोरगं हेरतो, ना हुशार ना अगदी कच्चं, आणि त्याचा पाय चेंडूला किती वेळा लागतो ते वहीत रेघा ओढून मोजतो. एका वर्षी दोन उमेदवार होते. पहिले नवा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, आवाज खणखणीत. त्यांनी पोरांना दोन रांगांत उभं केलं आणि कोनांमधून, म्हणजे प्लास्टिकच्या शंकूंमधून, चेंडू न्यायला लावला. मी हेरलेल्या पोराच्या खात्यावर चाळीस मिनिटांत अठरा रेघा, बाकी वेळ रांगेत पुढच्याच्या पाठीवर बोटानं नाव गिरवण्यात गेला. दुसरे जिल्हा परिषद शाळेचे, पोट सुटलेले, पायात साधी चप्पल. त्यांनी आल्या आल्या चार मार्कर टाकून दोन छोटी मैदानं आखली आणि चार-चारचे सामने लावून दिले. मधेच खेळ थांबवायचे, एकच प्रश्न विचारायचे, "आता कुठं मोकळं होतं रे?" आणि पुन्हा सुरू. दीडशे रेघांनंतर मी मोजणं सोडलं. समितीतल्या दोघांना पहिले सर आवडले होते. वही समोर ठेवली तेव्हा वाद मिटला.

प्रात्यक्षिक चालू असताना आणखी एक बघा. ज्याच्याकडून चूक होते त्या पोराशी प्रशिक्षक कसा बोलतो? सगळ्यांसमोर ओरडतो की जवळ जाऊन सांगतो? आणि गोलरक्षकाकडे त्याचं लक्ष जातं का? आपल्याकडे गोलरक्षक म्हणजे शेवटी उरलेला, असाच हिशेब असतो.

मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारतो. तुम्ही नाकारलेलं आणि पुढे चांगलं निघालेलं पोरगं कोणतं? "असं कधी झालंच नाही" म्हणणाऱ्याचं नाव मी खोडतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत संकोच नको. पोलीस पडताळणी करून घ्या, आधीच्या शाळेतल्या दोन-तीन पालकांना फोन करा. मुलींच्या संघाबरोबर एक जबाबदार बाई असलीच पाहिजे, प्रवासात आणि मुक्कामातही. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा राष्ट्रीय संघ युरोपात होता, तेव्हा सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या तक्रारीवरून काढून टाकावं लागलं. राष्ट्रीय पातळीवर हे होऊ शकतं, तर आपल्या रात्रीच्या एसटी प्रवासात का नाही? अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना सांगणं पॉक्सो कायद्यानं, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्यानं, बंधनकारक आहे. "आपसात मिटवू" हा पर्याय कायद्यातच नाही.

प्रशिक्षक एकदा नेमला की त्याला वेळ द्या. २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. २०१५ पासून संघ घडवणारे जर्मन प्रशिक्षक निकोलाय अॅडम स्पर्धेच्या वर्षी गेले आणि मार्चमध्ये पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस आले. ऑक्टोबरच्या स्पर्धेला सात महिने राहिले होते. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. त्यानंतरच्या तुकडीला गोव्याच्या बिबियानो फर्नांडिस यांनी वर्षभराहून जास्त सांभाळलं. २०१८ च्या आशियाई १६ वर्षांखालील स्पर्धेत त्या पोरांनी चार सामन्यांत मिळून एकच गोल खाल्ला, तोही उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून. ती लढत जिंकली असती तर थेट विश्वचषक होता. समोरचे संघ वेगळे होते, हे मान्य. तरी दरवर्षी सर बदलणाऱ्या आपल्या जिल्ह्यांनी हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

तारीख ठरवताना कारखान्याचा बॉयलर आठवा

बीड जिल्ह्यातली आणि आजूबाजूच्या तालुक्यांतली हजारो कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. चाचणी डिसेंबरात ठेवली तर चपळ, काटक, उपाशीपोटी पळायची सवय असलेली पोरं पश्चिम महाराष्ट्रात कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांत, असतात. मार्चमध्ये परीक्षा, एप्रिल-मेमध्ये ऊन. म्हणजे उरले जुलै ते सप्टेंबर. पावसाची भीती असते. काळ्या मातीच्या मैदानावर एक सर पडली की चेंडू जागचा हलत नाही, म्हणून मुरमाचं मैदान बघा आणि एक राखीव तारीख आधीच जाहीर करा.

वेळ एसटीच्या वेळापत्रकावरून ठरवा. सकाळी सातला हजर राहा म्हटलं की फक्त शहरातली पोरं येतात. मी अकराला सुरू करतो. जिल्हा मोठा असेल तर दोन ठिकाणी चाचणी घ्या. किनवटच्या पोरानं नांदेडला यायचं म्हणजे अर्धा दिवस रस्त्यातच जातो.

निरोप नुसता क्रीडाशिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून भागत नाही. आमच्या शहरांत संध्याकाळी खरोखर फुटबॉल खेळणारी बरीच पोरं उर्दू शाळांतली आहेत, त्यामुळे सूचना उर्दूतही लावा. आश्रमशाळांना फोन करा. आणि खो-खोच्या मैदानावर जा. अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या सारिका काळे धाराशिवच्या. आपल्याकडे तो खेळ मुरलेला आहे. खो-खोत घडलेल्या पोरीला दोन पावलांत दिशा बदलता येते, हूल देता येते, आणि ती पडायला भीत नाही. चेंडूची ओळख सहा महिन्यांत करून देता येते, ही चपळाई चौदाव्या वर्षी नव्यानं शिकवता येत नाही. मुलींचा संघ बांधताना मी आधी तिथंच जातो.

वयाचा घोळ

कागद तीन मागा : जन्मानंतर वर्षभरात नोंद झालेला जन्मदाखला, शाळेच्या प्रवेश नोंदवहीतला उतारा आणि आधार. आधार एकटं चालवून घेऊ नका, ते बहुतेक शाळेच्याच तारखेवरून काढलेलं असतं. वरच्या पातळीवर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीनं हाडांचं वय पाहतात. फिफा २००९ पासून १७ वर्षांखालील विश्वचषकात मनगटाचा एमआरआय वापरते. म्हणजे इथं वय चोरून पुढे ढकललेलं पोरगं तिथं अडकतंच, आणि तोपर्यंत त्यानं एका खऱ्या चौदा वर्षांच्या पोराची जागा खाल्लेली असते.

याहून नाजूक गोष्ट वेगळीच आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोरगं एकाच गटात येतं, पण दोघांत अकरा महिन्यांचं अंतर असतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे चार बोटं उंची आणि धक्क्यातला फरक. निवडणारे नकळत मोठ्या अंगाचं पोरगं घेतात आणि म्हणतात, गुणवान आहे. जगभरातल्या कुमार संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची गर्दी दिसते ती यामुळेच.

आपल्याकडे सगळेच १ जूनचे, त्यामुळे तारखेवरून हा अंदाज बांधता येत नाही. मग मी अंगाकडे पाहतो. मिसरूड फुटलंय का, आवाज फुटलाय का, वर्षभरात बुटाचा नंबर किती वाढला, आई-बाप केवढे उंच आहेत. एवढ्यावरून पोरं तीन ढिगांत वाटली जातात : वाढ झालेली, वाढत असलेली, अजून सुरुवात व्हायची. चाचणीतले निम्मे सामने आपापल्या ढिगात खेळवा. थोराड पोरांच्या गर्दीत दिसेनासं झालेलं बारकं पोरगं त्याच्या जोडीच्या पोरांत एकदम चमकायला लागतं. आणि नुसत्या ताकदीवर गोल मारणारा त्याच्याएवढ्यांत आला की त्याच्या पायात खरं किती आहे ते कळतं.

चाचणीचा दिवस

अर्जावरचं नाव, आडनाव, तालुका टेबलावरच राहू द्या. प्रत्येकाला नंबरचं बिब द्या, निवड समितीला फक्त नंबर दिसले पाहिजेत. समिती तिघांची करा, म्हणजे बरोबरी होत नाही. तिघांनी तीन कोपऱ्यांत बसायचं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. हा नियम सगळ्यांना खटकतो. पण एक वजनदार माणूस पहिल्या दहा मिनिटांत "तो सात नंबर बघा" म्हणाला की उरलेला दिवस सगळे सात नंबरच बघत बसतात.

शंभर मीटर धावणं, चेंडू उडवत राहणं, कोनांमधून नेणं, यात वेळ घालवू नका. सकाळी तीस बाय वीस मीटरच्या मैदानात चार-चारचे सामने लावा, दहा-दहा मिनिटांचे, दर वेळी जोड्या बदलून. दुपारनंतर पूर्ण मैदानावर अकरा-अकरा. प्रत्येकाला त्याच्या जागेवर एकदा आणि परक्या जागेवर एकदा खेळवा.

पाहायचं काय? चेंडू पायात यायच्या आधी पोरगं मान वळवून आजूबाजूला बघतं का, हे माझ्या लेखी पहिलं. जे बघतं त्याला चेंडू मिळाल्यावर विचार करायला थांबावं लागत नाही. दुसरं, पहिला स्पर्श. चेंडू अंगापासून लांब उडतो की पुढच्या कामाच्या दिशेला पडतो? तिसरं, चेंडू हिसकावला गेला की पुढच्या पाच सेकंदांत काय करतं? कमरेवर हात ठेवून पंचाकडे बघतं की मागे वळून पळतं? आणि चेंडू त्याच्याजवळ नसताना त्याचं काय चाललंय, ते. नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायात चेंडू दोन-तीन मिनिटंच असतो. बाकीची सत्त्याऐंशी मिनिटं बघायला शिका. त्यासाठी मी अधूनमधून चेंडूवरून नजर काढून एकाच नंबरवर तीन मिनिटं ठेवतो. सोपं नाही, डोळा चेंडूकडे ओढ घेतो.

जास्तीचे जुने बूट एका पोत्यात भरून न्या, पण सक्ती करू नका. परभणीच्या एका चाचणीत एकतीस नंबरचं पोरगं सकाळभर अडखळत होतं. आम्ही तिघांनीही त्याच्यापुढे काट मारली होती. पाणी प्यायला आलं तेव्हा विचारलं, काय रे, पाय दुखतोय का? म्हणालं, "सर, बुटं घालून पळताच येईना गेलं." पोत्यातले बूट त्याला दोन नंबर मोठे होते, आणि जन्मात पहिल्यांदा घातलेले. काढ म्हटलं. पुढच्या सामन्यात त्यानं डावीकडून दोघांना एकाच अंगानं हुलकावणी दिली आणि दूरच्या माणसाला नेमका पास दिला. तिघांनीही आपापली काट पुसली. तेव्हापासून पहिला सामना ज्याला पाहिजे त्यानं अनवाणी खेळावा असा माझा नियम आहे. अर्थात सगळेच अनवाणी असतील तेव्हाच. एकाच्या पायात खिळ्यांचे बूट आणि दुसरा अनवाणी, हे चालू देऊ नका.

गोलरक्षकांची चाचणी वेगळी घ्या, वेगळा माणूस बसवा. उंची मोजा, पण उंचीवर थांबू नका. चेंडू पकडल्यावर तो पुढे कुणाला देतो, हेही पाहा.

दुसरी नजर, मग यादी

एका दिवसात संघ ठरवू नका. पहिल्या दिवसातून पस्तीस-चाळीस पोरं निवडा आणि आठवड्याभरानं तीन दिवसांचं निवासी शिबिर घ्या. पहिल्या दिवशी बुजलेलं पोरगं तिसऱ्या दिवशी बोलायला लागतं. पंगतीत कोण वाढायला उठतो, हरल्यावर कोण भांडतो, हेही तिथंच दिसतं. मात्र शिस्तीच्या नावाखाली गप्प पोरांना जास्त गुण देऊ नका. मैदानावर ओरडणारा मधला खेळाडू लागतोच.

यादी करताना प्रत्येक जागेला दोघं आणि तीन गोलरक्षक हा हिशेब धरा. फिफाच्या १७ वर्षांखालील विश्वचषकातही एकवीस जणांच्या संघात तीन गोलरक्षक असतात. याच टप्प्यावर फोन सुरू होतात. प्रत्येक तालुक्याचा एक तरी घ्या, अमुक साहेबांचा पुतण्या आहे, तमुक शाळेनं मैदान दिलंय. २०१७ च्या भारतीय संघात एकवीसपैकी आठ पोरं एकट्या मणिपूरची होती. कुणी राज्यवार वाटणी करायला बसलं असतं तर तो संघ झाला नसता. मी तिघांच्या मूळ वह्या सह्यांसकट जपून ठेवतो आणि फोन करणाऱ्याला म्हणतो, या, वही बघा. आजवर एकच जण बघायला आला.

यादीला राखीव पोरांचं शेपूटही ठेवा, पाच-सहा जणांचं, आणि ते शेपूट जिवंत ठेवा. भारताचा विश्वचषकातला पहिला गोल जीकसन सिंगनं ९ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर डोक्यानं मारला. आधीच्या प्रशिक्षकाच्या काळात तो संघाबाहेर होता, नव्यानं आत घेतला. आपल्या मातीतलं उदाहरण फुटबॉलचं नाही, पण सांगतोच. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्पर्धेत धावायला लागला तो फौजेत गेल्यावर, आणि पुढे त्यानं आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, सुवर्ण जिंकलं. चौदाव्या वर्षी त्याला कुठल्या यादीत कुणी घातलं असतं?

पुढची वाट पालकांना आधीच समजावून सांगा. शालेय खेळाडूंसाठी सुब्रतो कप : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. संघटनेकडून जायचं तर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचा, म्हणजे राज्याच्या फुटबॉल संघटनेचा, राज्य संघ आणि तिथून बी. सी. रॉय करंडकासारख्या राष्ट्रीय कुमार स्पर्धा. राष्ट्रीय शिबिरासाठी पोरं हेरणारे लोक अशा स्पर्धांना आणि क्लबांच्या कुमार लीगला येतात. आपल्याकडे क्लब नाहीत. कोल्हापुरात पेठेपेठेत संघ आहेत, त्यामुळे अनिकेत जाधवसारखं पोरगं तिथून २०१७ च्या विश्वचषक संघात पोचतं. आपल्या पोराला शाळा हाच क्लब. म्हणून शाळेच्या चाचणीतली चूक आपल्याला जास्त महाग पडते.

नाही म्हणताना

यादी फळ्यावर चिकटवून निघून जाऊ नका. मी हे वर्षानुवर्षं केलं. एकदा संध्याकाळी मैदानाचं कुलूप लावायला परत गेलो तर एक पोरगं यादीसमोर उभं होतं. बोटानं प्रत्येक नाव खालपर्यंत पुन्हा वाचत होतं, चुकून राहिलं असेल म्हणून. त्याची शेवटची बस केव्हाच गेली होती. त्याला मोटारसायकलवर घरी सोडलं, वाटेत दोघंही बोललो नाही.

आता शिबिराच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाला एकेकटं बोलावतो. दोन मिनिटं. घेतलं किंवा नाही, हे पहिल्याच वाक्यात. मग एकच गोष्ट, जी पुढच्या जुलैपर्यंत सुधारायची : डावा पाय, किंवा चेंडू यायच्या आधी मान वळवणं. दहा गोष्टी सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही. ती गोष्ट एका चिठ्ठीवर लिहून देतो आणि माझ्या वहीतही उतरवतो, त्याच्या सरांच्या फोन नंबरसकट. बाप सोबत असेल तर त्याच्यासमोरच बोलतो, नाहीतर घरी गेल्यावर वेगळंच काही सांगितलं जातं.

जूनमध्ये शाळा उघडल्या की ती वही काढून बसायचं आणि एकेका सरांना फोन लावायचा. निम्मे नंबर बंद लागतात. काही पोरांनी शाळा सोडलेली असते, एखादं पुण्यात कंपनीत लागलेलं असतं. बाकीच्यांना तारीख सांगायची आणि बुटाचा नंबर विचारून घ्यायचा, म्हणजे पोत्यात त्या मापाचे बूट टाकता येतात.